अंभोऱ्याचा डोंगा बंद व्हायच्या आधी आईला एक फेरी घडवायची आहे, कोणी मार्गदर्शन करेल का?

मानेवाड्याची_लेक
डिसेंबर २०२३

नमस्कार मंडळी. कुही तालुक्यातला अंभोऱ्याचा पूल तयार झाला, आता उद्घाटनाची तारीख तेवढी लागायची आहे, असं रोज ऐकू येतंय. पूल सुरू झाला की वैनगंगा ओलांडून भंडाऱ्याकडे जाणारा डोंगा, म्हणजे माणसं नेणारी नाव, आपोआप बंद पडणार. ही बातमी आईच्या कानावर गेली आणि तेव्हापासून तिनं धोशा लावलाय, "मले एक डाव डोंग्यातून माहेरी ने."

आईचं माहेर वैनगंगेपलीकडे, सासर मांढळजवळ. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही नागपुरात आलो, पण त्याआधीची कितीतरी वर्षं तिच्यासाठी माहेरची वाट म्हणजे हा घाट. आता वय चौऱ्याहत्तर, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पलीकडे मामा आहेत, तेही थकलेत. आम्ही सगळी मावस-मामे भावंडं मिळून पंधरा-वीस जण जायचं म्हणतोय.

डोंगा अजून चालू आहे का, आणि रोज असतो का? अख्खा डोंगा आपल्यापुरता ठरवता येतो का? गुडघ्यामुळे आईला चढता-उतरता येईल का, ही मोठी काळजी. भाचेमंडळींचा उत्साह तर विचारू नका. एकानं 'निरोप यात्रा' असं बॅनर छापायला टाकलंय, दुसरा ड्रोन आणणार आहे, तिसरा म्हणतो ढोल-ताशा पाहिजेच. कोणी अलीकडे जाऊन आलं असेल तर सांगा.


धरमपेठ_बुलेट

मागच्या रविवारी जाऊन आलो. उमरेड रोडनं निघा, मग कुही, मांढळ, वेलतूर, अंभोरा. सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. मांढळला तर्री पोहे खाऊन घ्या, पुढे काही खास नाही. डोंगा दिसला, पण आम्ही गेलो तेव्हा काठाला बांधलेला होता आणि आजूबाजूला कोणीच नव्हतं. रविवारी सगळी गर्दी पुलाचे फोटो काढायला येते. पूल मात्र भारी झालाय राजेहो, केबलवाला, सातशे मीटरच्या वर लांब, आणि मधल्या मनोऱ्यात चाळीस मीटर उंचीवर गॅलरी केली आहे. देवळाच्या टेकडीवरून बघा, झकास दिसतो.


ढिवराचा_पोरगा

ताई, या घाटावर माझ्या आबाजीनं डोंगा चालवला, मग मोठबाबानं, म्हणजे मोठ्या काकानं, आता चुलतभाऊ चालवतो. घरातून बाहेर पडलेला मी एकटाच, हिंगण्याला एमआयडीसीत लेथवर आहे. सुट्टीत गावी गेलो की वल्हं हातात येतंच. लांबलचक लिहून राहिलो, सांभाळून घ्या.

आधी कामाचं. डोंगा चालू आहे. वरच्या भाऊंना बांधलेला दिसला कारण ते दुपारचे गेले असतील. सकाळी दूधवाले आणि शाळा-कॉलेजची पोरं, दहा-अकराला बाजारवाले, मग दुपारी सामसूम, चारनंतर परतीची गर्दी, असा त्याचा दिवस असतो. दुपारी दोनला येऊन "डोंगा कुठाय बे" म्हणून हाका मारणारे पुष्कळ. भाऊ तेव्हा जेवून लवंडलेला असतो. तुम्ही सकाळी नवाच्या आसपास या. या दिवसांत पाण्यावर धुकं असतं आणि धुकं उठल्याशिवाय तो इंजिनाला हँडल मारत नाही, मग कोणाची कितीही घाई असो. रविवार टाळा. बाजाराच्या दिवशी या. तो कोणता वार, ते आईला तोंडपाठ असेल.

गुडघ्याचं म्हणाल तर हाच हंगाम बरा. गोसीखुर्द धरणाचं पाणी आमच्या घाटापर्यंत फुगून येतं. धरण भरलेलं असलं की डोंगा टणक जमिनीला लागतो. उन्हाळ्यात पातळी उतरली की काठ खाली खाली सरकत जातो आणि मधे पोटरीभर चिखल, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना अक्षरशः पाठीवर घेऊन न्यावं लागतं. चढताना जमिनीवरून डोंग्यावर फळी टाकतात. दोघं जण दोन्ही बाजूंनी आडवा बांबू धरतील, तो कठड्यासारखा धरून चालायचं. महत्त्वाचं म्हणजे डोंग्याच्या कडेवर पाय द्यायचा नाही, थेट मधल्या फळीवर द्यायचा. कडेवर पाय पडला की डोंगा कलतो, माणूस घाबरतो आणि दुसऱ्या बाजूचे लोक उगाच उठून उभे राहतात. आईंना पुढच्या अंगाला बसवा, मागे इंजिनाचा धूर नाकातोंडात जातो. मोटारसायकली मधे, डबल स्टँडवर, दोरीनं बांधलेल्या. त्यांना पाठ टेकून बसू नका, सायलेन्सर तापलेला असतो. दरवर्षी एखाद्या पाहुण्याचा पाय भाजतोच.

आता दुसरी गोष्ट, ती तुम्ही विचारलेली नाही.

तुम्ही ज्या डोंग्याला निरोप द्यायला निघाल्या, तो काही फार जुना नाही. आईंना एक विचारा. लग्न चैत्र-वैशाखातलं असेल तर वरात नदी कशातून ओलांडून आली? माझा अंदाज आहे, डोंग्यातून नाही. कारण धरण व्हायच्या आधी इथे बारमाही डोंगा नव्हताच. पावसाळा आणि हिवाळ्याची सुरुवात तेवढी डोंग्याची. संक्रांत झाली की पाणी उतरायला लागायचं, होळीपर्यंत नदीत वाळूच वाळू. मधल्या धारेत गुडघाभर पाणी, तेवढं ओलांडलं की झालं. छकडे, सायकली, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया, सगळे वाळूतून आरपार. आबाजीचा डोंगा तेव्हा काठावर उपडा पडलेला असायचा. त्याच्या फटींत चिंध्या ठोकायच्या आणि वरून डांबर फासायचं, हे उन्हाळ्याचं काम. आणि आमच्या घरच्या बाया त्याच वाळूत डांगरवाडी लावायच्या. डांगरं, टरबुजं, काकड्या. पावसाळ्यात नदीवर पुरुषांचं पोट, उन्हाळ्यात बायांचं.

आबाजीचा डोंगा सागाच्या फळ्यांचा, इंजिन-बिंजिन काही नाही. पूर असला की समोरचा घाट दिसत असूनही समोर जाता यायचं नाही. आधी काठाकाठानं बांबू रोवत रोवत डोंगा चांगला दोन-तीन फर्लांग वर ढकलत न्यायचा. तिथून धारेत तिरपा सोडायचा. धार त्याला खाली ओढते, आपण वल्ह्यानं पलीकडे सरकवायचा, आणि दोन्हींचा मेळ असा बसला पाहिजे की डोंगा बरोबर समोरच्या घाटाला लागेल. मेळ चुकला की खाली पार शेताशिवारात, मग तिथून चालत या. अंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम म्हणतात, पण आबाजी हिशोबात दोनच धरायचा, वैनगंगा आणि कन्हान. कन्हानला पूर असेल तर धार एका अंगानं ढकलते, वैनगंगेला असेल तर दुसऱ्या. कोणाचं पाणी चढतंय हे तो पाण्याच्या रंगावरून ओळखायचा आणि त्याप्रमाणे किती वर जाऊन सोडायचा ते ठरवायचा. हे मला येत नाही. मोठबाबालाही अर्धवटच येत होतं, कारण त्याच्या काळात नदी थांबली.

त्या वेळी गावकऱ्यांकडून रोख पैसे घेत नसत. धान निघालं की घराघरातून वर्षाचं पायलीनं मोजून मिळायचं. रोख फक्त बाहेरच्या माणसाकडून. नव्या नवरीकडून पहिल्या फेरीला काही घ्यायचं नाही, उलट तिच्या हातानं डोंग्याच्या तोंडाशी नारळ फोडायचा.

धरणाचं भूमिपूजन १९८८ ला राजीव गांधींच्या हातून झालं, धरण तिकडे पवनीजवळ. आमच्या घाटापर्यंत पाणी फुगून यायला पुढची वीस-एक वर्षं गेली. मग वाळू गेली, डांगरवाडी गेली, कुही तालुक्यातली कितीतरी गावं उठून दुसरीकडे गेली. आणि चालत ओलांडायची नदी बाराही महिने खोल, रुंद, उभी राहिली. वाळूतून जाणारी सगळी माणसं एकदम डोंग्यावर आली. तेव्हा मोठबाबानं कर्ज काढून पत्र्याचा मोठा डोंगा करून घेतला आणि त्याला डिझेल इंजिन लावलं. आज जो फटफट करत जातो आणि ज्याचे लोक मोबाईलमध्ये व्हिडिओ काढतात, तो धरणाचं लेकरू आहे. पूल त्याला नेतो, यात मला काही अघटित वाटत नाही. आमचं जे गेलं ते वाळूबरोबर गेलं, आणि त्याला निरोप द्यायला नागपूरहून कोणी आलं नव्हतं. रागानं नाही लिहून राहिलो ताई, आहे ते सांगतो.

उभ्या पाण्यात धार नाही म्हणून सोपं, असंही समजू नका. वारा सुटला की लाटा उठतात, नदीत कधी उठत नव्हत्या एवढ्या. बुडालेल्या शिवारातली झाडांची खोडं आणि विहिरींचे कठडे खाली आहेत. पातळी उतरली की ते वर येतात, ते कुठे आहेत हे चालवणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून डोंगा मधेच वळसा घेताना दिसतो आणि पाहुणे विचारतात, सरळ काहून नाही नेत. दुसरी डोकेदुखी इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी. नाग नदी नागपूरची सगळी घाण घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान ती इकडे आणून सोडते. त्या पाण्यावर ही वनस्पती अशी माजते की सकाळी मोकळा असलेला घाट वारा फिरला की दुपारी हिरवागार बंद. पंख्यात गुंतली की इंजिन घुसमटून बंद पडतं. मग लांब बांबूला बांधलेला विळा काढायचा, वाकून एक एक दोर कापायचा, आणि तोवर डोंगा वाऱ्यावर. नागपूरकर निरोपाला यायचे ते येवोत, त्यांचं पाणी आधीच येऊन बसलंय.

आता तुमच्या भाचेमंडळींबद्दल. अख्खा डोंगा ठरवायचा म्हटलं तर भाऊ नाही म्हणणार नाही, पैसे कोणाला नको. पण तुम्ही पंधरा-वीस जण बॅनर धरून मधल्या पाण्यात फेऱ्या मारत असाल तेव्हा दूधवाले कॅन घेऊन काठावर बसलेले असतील, आणि ते काय बोलतात ते आईंच्या कानावर न गेलेलंच बरं. माझं ऐकाल तर दोन-तीन फेऱ्यांत वाटून, तिकीट काढून, सगळ्यांबरोबर जा. तुमच्या आई अशाच जायच्या ना. ढोल नको, ढोल वाजला की पोरं उभी राहतात आणि डोंग्यात उभं राहायचं नसतं. ड्रोन उडवायचा तर काठावरून उडवा. डोंग्यातून उडवला की सगळे माना वर करून एकाच बाजूला झुकतात.

डोंगा बंद होणार म्हणून भाऊला वाईट वाटतं का, असं सगळे विचारतात. वहिनी खूश आहे एवढं सांगतो. रात्री-बेरात्री दार वाजतं ते आता वाजणार नाही.


निवृत्त_सिस्टर

वरच्या भावाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहावंसं वाटलं. मी त्या भागात एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स, म्हणून काम केलंय. रात्री दार वाजवणाऱ्यांत मीही होते.

मला या डोंग्याची आठवण म्हणजे मांडीवरचा लसींचा डबा. लसीकरणाचा दिवस, डब्यात बर्फाच्या चार पिशव्या, वरून ऊन, आणि डोंगा पलीकडे. काठावर झाड नाही. डोंगेवाला भला माणूस, हात केला की निघायचा, पण तिकडून माणसं भरल्याशिवाय निघून डिझेल कसं परवडणार त्याला? मी पदर ओला करून डब्यावर टाकायची आणि झाकण उघडून बघायचा मोह आवरायची, कारण उघडलं की थंडावा गेला. एखाद्या बाईला कळा सुरू झाल्यात आणि वारा पडायची वाट बघत आम्ही काठावर बसलोय, हेही झालंय. त्यामुळे पुलाचं मला काडीचंही दुःख नाही. उद्घाटनाच्या दिवशी बोलावलं नाही तरी जाणार आहे.

ताई, आईंना जरूर न्या. पण नाव ही नाव असते. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात मोबाईलवर लाइव्ह करता करता पोरांची नाव उलटली आणि आठ जण गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये वर्धा नदीत झुंज या गावाजवळ नाव उलटून अकरा. दोन्हीकडे माणसं आनंदानं किंवा देवकार्याला गेलेली, पोहता येणारीसुद्धा त्यांत असतील. लाइफ जॅकेट घाटावर मिळेल या भरवशावर राहू नका, माणशी एक इथूनच घेऊन जा. आईंना साडीवरून घालायला संकोच वाटेल, तर त्यावर शाल पांघरा. आणि ड्रोनवाल्या भाच्याला माझा आशीर्वाद सांगा, काठावर बसव त्याला.


छोटी_लाइन_उमरेड

निरोपाबद्दल अनुभवाचं सांगतो. २५ नोव्हेंबर २०१९ ला नागपूर–नागभीड छोटी लाइन बंद झाली. अडीच फुटांची गेज, शंभराच्या वर वर्षं चाललेली. शेवटच्या दिवशी मी इतवारीहून बसलो. बसलो म्हणजे लटकलो. डब्यात सगळे हारवाले, कॅमेरेवाले, आणि ज्यांनी आयुष्यात कधी त्या गाडीचं तिकीट काढलं नाही असे हौशी. कुहीच्या फलाटावर नेहमीची बाई, भिवापूरला मिरची तोडायला जाणारी, दोन डबे शोधून परत खाली उभी राहिली. गाडी तिच्यासमोरून गेली. तिची ती नेहमीची गाडी होती हो.

म्हणून सांगतो, शेवटचा दिवस गाठायला जाऊ नका. आठ-पंधरा दिवस आधी जा, कोणी ओळखणार नाही, कोणी हार घालणार नाही, आणि जागा मिळेल.

एक फरक मात्र आहे आणि तो डोंग्याच्या बाजूनं आहे. आमची गाडी आधी बंद केली, मोठी लाइन कधी होईल तेव्हा होईल. चार वर्षं झाली, उमरेड-भिवापूरची माणसं बसच्या पायऱ्यांवर. अंभोऱ्याला निदान आधी पूल झाला, मग डोंगा थांबणार. निरोप द्यायचा तर असा द्यावा.


मानेवाड्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. ढिवराचा_पोरगा भाऊ, तुमचं उत्तर आईला पूर्ण वाचून दाखवलं. वरातीचं वाचलं तशी ती उठून बसली. लग्न वैशाखातलंच. वरात सात छकड्यांची, वाळूतून आली. मधल्या धारेत एका छकड्याचं चाक रुतलं, तेव्हा आजोबांनी धोतर खोचून स्वतः चाकाला खांदा लावला आणि नवरदेव, म्हणजे आमचे बाबा, नव्या बुटांमुळे खाली उतरले नाहीत. हे आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. बाबा समोर बसले होते, ते पेपरमध्ये तोंड घालून बसले. डोंग्यात ती पहिल्यांदा बसली ती आखाडीला माहेरी जाताना. आणि नारळाचं तिला चांगलं आठवतंय, पण तिचा म्हणे पहिल्या फटक्यात फुटला नाही, म्हणून सासूबाईंना सांगितलंच नाही.

बॅनर रद्द. ढोल रद्द. ड्रोनवाला रुसला आहे. सिस्टर, जॅकेट भाड्यानं मिळतील असं एका ट्रेकवाल्या मुलानं सांगितलंय, घेतो. भाऊ, एक विचारायचं राहिलं. आई म्हणते रोख पैसे देणार नाही, धानच देणार. चालेल का?


ढिवराचा_पोरगा

पळेल. पण मोजायला पायली तुम्हीच आणा. आमच्या घरची कुठे गेली देव जाणे, बहुतेक तिच्यात कोंबड्यांचं पाणी असते.


मानेवाड्याची_लेक
जानेवारी २०२४

जाऊन आलो. थोडक्यात सांगते, कारण दोन जणांनी वैयक्तिक निरोपातून विचारलंय.

आम्ही आठच जण गेलो, बाकीच्यांना सुट्टी नव्हती. घाटावर पोचलो तेव्हा पलीकडचं काहीच दिसत नव्हतं, पुलाचे मनोरे तेवढे धुक्यातून वर आलेले. जवळजवळ तासभर थांबलो. दूधवाले शेकोटी करून बसले होते, त्यांनी आईला वीट सरकवून दिली बसायला. तिनं त्यातल्या एकाला गाव विचारलं, मग बापाचं नाव, मग आजीचं माहेर, आणि पाच मिनिटांत तो आमचा दूरचा भाचा निघाला. फळी आणि बांबूचं तुम्ही सांगितलं तसंच झालं. आई चढली, मीच घसरले.

डोंग्यात दोन मोटारसायकली, दुधाचे कॅन, एक बकरी, आणि वहीवर प्रयोगाची आकृती काढत बसलेली एक कॉलेजची मुलगी. मुलीनं तेवढ्या वेळात एकदाही मान वर केली नाही. पुलाजवळून जाताना आम्ही सगळे वर बघत होतो. आईचं लक्ष खाली पाण्याकडे. मधेच डोंगा वळला तशी ती चालवणाऱ्याला म्हणाली, "इथं चिंच होती ना?" तो म्हणाला, "आहे अजून, खाली." आणि हात करून दाखवलं, कुठे ते. आम्हाला नुसतं पाणी दिसलं.

उतरल्यावर तिनं पिशवीतून धान काढलं आणि पायली भरली. भरली म्हणजे शीग लावून भरली, वरून हातानं सारखी न करता. तुमच्या भावानं खांद्यावरचा दुपट्टा पसरून घेतलं. आमचे पैसे मात्र त्यांनी रोख घेतले आणि परतीचे आधीच मागितले, ते बरं केलं, संध्याकाळी खूप गर्दी होती. मामाकडे जेवण झालं, वांग्याची भाजी आणि तांदळाची भाकर. आई आणि मामा दोघेही बहिरे झालेत, त्यामुळे सगळ्या गावाला कळलं काय बोलणं झालं ते.

इकॉर्निया येताना एकदा गुंतली. विळ्यानं कापायला बराच वेळ लागला. कन्हानकडून वास येत होता, तो नाग नदीचा वास मी लहानपणापासून ओळखते.


धरमपेठ_बुलेट

पूल सुरू झाला ना आता, काल गेलो होतो. भन्नाट. गाडी थेट भंडाऱ्याला. खाली काठाला एक पत्र्याचा डोंगा ओढून ठेवलेला दिसला, तोच का?


ढिवराचा_पोरगा

तोच. भाऊनं आता मासेमारीला छोटी नाव ठेवली आहे, मोठा डोंगा काठावर. महाशिवरात्रीच्या जत्रेत लोक हौसेनं बसतील म्हणून पंधरा-वीस दिवस ठेवतो म्हणते, मग पत्रा भंगारात. सिस्टर खरंच आल्या होत्या उद्घाटनाला. आमच्या वहिनीला भेटून गेल्या.

इंजिन विकायचं आहे. चालू आहे, डिझेल कमी पितं, गेल्याच दिवाळीत पिस्टन रिंग बदलल्या, त्या मीच करून दिल्या. शेतातल्या पंपाला चालेल.


छोटी_लाइन_उमरेड

आमच्या साळ्याला धानाच्या बांधीला पाणी द्यायला पाहिजे होतं. किती म्हणता? हँडलनं सुरू होते की बॅटरी?


ढिवराचा_पोरगा

हँडलनं. किमतीचं भाऊशी बोलून ठरवा, मी मधे पडत नाही, नातेवाईक आहे. साळ्याला एवढं सांगा, थंडीत पहिल्या झटक्याला उलटं मारतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, खाली गुंडाळायचा नाही. मोठबाबाचा अंगठा त्यातच गेला होता.